लुकलुक आणि लखलख : अनुकरण की वर्गीकरण?

मराठीत चांदणी लुकलुकते, कंदील मिणमिणतो, तलवारीचे पाते लखलखते आणि घासलेले तांब्याचे भांडे चकचकते. यांपैकी एकाही वस्तूच्या प्रकाशाला आवाज नाही. तरीही व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत या घडणीचे शब्द ‘अभ्यस्त शब्दां’च्या प्रकरणात कडकड, किरकिर यांच्या पंक्तीला ‘अनुकरणवाचक’ म्हणून बसविलेले आढळतात. विजेच्या संदर्भात ‘कडकड’ हा शब्द एका नादाचे अनुकरण करतो, हे मान्यच आहे. पण चांदणी लुकलुकते तेव्हा कोणत्या नादाचे अनुकरण होते? हा प्रश्न अनुत्तरित राहिल्यामुळे भारतीय भाषांतील एका मोठ्या शब्दसंपत्तीकडे कोशकारांचे आणि अनुवादकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

वस्तुतः हे शब्द वर्गीकरणाचे काम करतात. मिणमिण हा दुबळा, जेमतेम टिकून असलेला उजेड. लुकलुक हा लहान, दूरचा, उघडझाप करणारा. चकचक ही गुळगुळीत पृष्ठभागावरची स्वच्छ झाक. लखलख ही डोळे दिपविणारी धारदार दीप्ती. झगमग ही अनेक दिव्यांची किंवा जरीकामाची एकत्र शोभा. या वर्गांच्या सीमा मराठी भाषकाच्या मनात इतक्या पक्क्या असतात की आकाशातील वीज ‘लुकलुकली’ किंवा काजवा ‘ढणढणला’ असे कोणी लिहिले, तर वाचक ते विनोद म्हणून घेईल अथवा चूक म्हणून. रंगांच्या बाबतीतही हेच दिसते. ओठ लालचुटुक असतात, पताका लालभडक असते. आजाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडतो, मोगरा मात्र पांढराशुभ्र. ‘चुटुक’, ‘भडक’, ‘फटक’ हे नाद दृश्याच्या छटा वेगळ्या करतात. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूची जात येथे कानाच्या साह्याने ठरते.

पाहणे आणि ऐकणे ही दोन वेगवेगळी दालने आहेत, हा समज मानसशास्त्रानेही मागे टाकला आहे. 1976 मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी दाखवून दिले की, ध्वनी ‘बा’चा आणि पडद्यावरील ओठांची हालचाल ‘गा’ची असेल, तर बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू येतो. डोळे कानाच्या निर्णयात असा हस्तक्षेप करतात. उलट दिशेचा पुरावा त्याहून जुना आहे. वोल्फगांग क्योलर यांनी 1929 मध्ये दोन निरर्थक शब्द आणि दोन निरर्थक आकृत्या पुढे ठेवून, कोणता शब्द कोणत्या आकृतीचा, असा प्रश्न विचारला. ‘ताकेते’ हा टोकदार आकृतीला आणि मृदू ध्वनींचा शब्द गोलाकार आकृतीला जोडण्याकडे लोकांचा कल दिसला. ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांचा असाच प्रयोग पुढे 25 भाषांच्या भाषकांवर करण्यात आला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार अपेक्षित जुळणीचे प्रमाण सुमारे 72 टक्के होते.

मात्र एवढ्यावरून हा निसर्गाचा अपवादरहित नियम मानणे उतावीळपणाचे ठरेल. नेपाळमधील स्यूबा भाषकांमध्ये ही जुळणी आढळली नाही, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. प्रयोगातील शब्द त्या भाषेच्या ध्वनिरचनेत बसणारे नव्हते, असे त्याचे कारण अभ्यासकांनी सुचविले. ही मर्यादा साहित्याच्या अभ्यासकाला विशेष मोलाची वाटावी. नाद आणि दृश्य यांच्या नात्याला निसर्गाचा आधार असला, तरी त्याला घाट देते ती भाषा. लुकलुकीचे लुकलुकणे कळण्यासाठी कान त्या भाषेत वाढलेला असावा लागतो.

भारतीय विचारपरंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. दुरून चंदनाचे खोड दिसताच ‘हे सुगंधी चंदन’ असे ज्ञान होते. गंध तेव्हा नाकापर्यंत पोचलेलाही नसतो. नव्यनैयायिकांनी याची उपपत्ती ‘ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती’ने लावली आणि या ज्ञानास अलौकिक प्रत्यक्ष मानले. ‘वेदान्तपरिभाषे’ने मात्र त्यातील चंदनाचा अंश प्रत्यक्ष आणि गंधाचा अंश परोक्ष ठरविला. एका इंद्रियाचा विषय दुसऱ्या इंद्रियाच्या ज्ञानात कसा उतरतो, हाच त्या वादाचा गाभा होता. काव्यशास्त्रानेही वर्ण आणि गुण यांचा संबंध जोडला. मम्मटाने माधुर्याच्या व्यंजक वर्णांतून टवर्ग वगळला, तो याच जाणिवेने. पण ही चर्चा बहुतांशी रसाच्या अंगाने झाली; रोजच्या बोलीतील मिणमिण आणि चकचक तिच्या कक्षेबाहेर राहिली.

आधुनिक काळात रवींद्रनाथांनी या शब्दांकडे गंभीरपणे पाहिले. 1909 च्या ‘शब्दतत्त्व’ या ग्रंथात संगृहीत झालेल्या त्यांच्या निबंधात, बंगाली ध्वन्यात्मक शब्द केवळ ध्वनीचे वर्णन करीत नाहीत, ध्वनी नसलेल्या अनुभवांनाही ते शब्दरूप देतात, हे मर्म नोंदविलेले आहे. पुढे 1969 मध्ये मरी एमेनो यांनी आर्य आणि द्राविड भाषांतील अशा शब्दांची तुलना करून ते भारतीय भाषाक्षेत्राचे समान लक्षण असल्याचे प्रतिपादन केले. मराठी आणि कन्नड ‘मिणमिण’, तेलुगू ‘मिणुकुमिणुकु’, तमिळ ‘मिनुमिनु’ ही मालिका याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मात्र तमिळ शब्दात तकाकीचा जो भाव आहे, तो मराठीत नाही. मराठीची मिणमिण विझण्याच्या काठावरची आहे. नाद सारखा, पण वर्गाची सीमा वेगळी.

2012 मध्ये मार्क डिंगमान्से यांनी जगातील भाषांसाठी एक उतरंड मांडली : असे शब्द आधी नादासाठी, मग गती, दृश्य, इतर संवेदना आणि शेवटी अंतःकरणाच्या अवस्था यांसाठी आढळतात. मराठीत या साऱ्या पायऱ्या भरलेल्या आहेत : खळखळ, लुटुलुटु, लखलख, चुरचुर आणि हुरहुर. या समृद्धीपुढे ‘अनुकरणवाचक’ ही संज्ञा पहिल्याच पायरीपुरती पुरते.

म्हणूनच या शब्दांना पोरकट किंवा केवळ अलंकरणात्मक मानण्याची सवय सोडणे अगत्याचे आहे. कोशात त्यांच्यापुढे ‘ध्वन्यनुकारी’ एवढी खूण करून भागणार नाही; कोणत्या वस्तूला, किती तीव्रतेच्या आणि कशा गतीच्या दृश्याला तो शब्द लागतो, आणि कोणत्याला मुळीच लागत नाही, हे नोंदविले पाहिजे. भारतीय भाषांच्या तुलनात्मक कोशात या शब्दांचे स्वतंत्र प्रकरण असावे, ही मागणीही अवाजवी नाही. अनुवादकाची गरज त्याहून निकडीची आहे. इंग्रजी किंवा हिंदीच्या पुलावरून एका प्रादेशिक भाषेतील कथा दुसरीत जाते, तेव्हा प्रथम गळतात ते हेच शब्द. ‘मिणमिणता दिवा’ वाटेत ‘चमकता दिवा’ झाला, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहते, कथानकही बिघडत नाही. पण त्या दिव्याच्या उजेडात जी अपुऱ्या तेलाची, दरिद्री खोली दिसत होती, ती दुसऱ्या भाषेच्या वाचकाला कधीच दिसत नाही.