ऑनर्सचा मान आणि अध्यापकांचे मानधन

कर्नाटक सरकारने ८ मे २०२४ रोजी आदेश काढून राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांतला चार वर्षांचा ऑनर्स पदवी-अभ्यासक्रम गुंडाळला. २०२४-२५ च्या प्रवेशांपासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. त्याआधी प्रवेश घेतलेल्या तीन तुकड्यांना, त्यांची इच्छा असल्यास, चौथे वर्ष पुरे करण्याची मुभा तेवढी ठेवण्यात आली. या निर्णयाला आधार होता तो ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम शिफारशीचा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळलेले थोरात मराठी वाचकांना अपरिचित नाहीत.

आदेश निघताच एका बाजूने ओरड झाली की आता आपली मुले जगाच्या मागे पडणार. दुसऱ्या बाजूला, आणि त्यात आपले काही मित्रही होते, विजय साजरा झाला. चार वर्षांची सक्ती नको, ही मागणी डाव्या विद्यार्थी संघटनांनी आरंभापासून लावून धरली होती. तेव्हा त्यांचा आनंद स्वाभाविकच म्हटला पाहिजे. परंतु या आदेशाने बंगळूरच्या सरकारी महाविद्यालयात अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडले, याचा हिशेब न मांडता विजय घोषित करणे हा आत्मसंतुष्टपणा होय. वस्तुतः वाद तीन वर्षांचा की चार वर्षांचा, असा नाहीच. त्या वर्षाचा खर्च कोणी सोसायचा आणि त्याचे दार कोणाला उघडायचे, हा वाद आहे.

शब्दाची चिकित्सा

प्रस्तुत लेखकाचे रोजचे काम भाषांतराचे. 'ऑनर्स' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना दरवेळी अडखळायला होते. 'सन्मान पदवी' म्हटले तर मानद पदवीचा भास होतो, 'प्रावीण्य' म्हटले तर अर्थ पातळ होतो, आणि अखेरीस मूळ शब्दच देवनागरीत ठेवावा लागतो. ही अडचण केवळ भाषेची नाही. ज्या पदवीला मान जोडायचा, तिच्या शेजारी एक बिनमानाची पदवी उभी असावीच लागते. कलकत्ता आणि दिल्ली या विद्यापीठांत ती 'पास' या नावाने वर्षानुवर्षे उभी होती. 'पास'वाला म्हणजे जेमतेम निभावलेला, हा अर्थ नोकरीच्या बाजारात सर्वांना कळत असे.

परंतु ऑनर्ससाठी चौथे वर्ष लागतेच, हा समज मात्र निखालस खोटा आहे. इंग्लंडमध्ये ऑनर्सची पदवी सर्वसाधारणपणे तीन वर्षांत मिळते. दिल्ली विद्यापीठातही २०२२ पर्यंत, एका वर्षाच्या अपवादाने, ती तीन वर्षांचीच होती आणि त्या पदवीच्या जोरावर कित्येक विद्यार्थी देशात व परदेशात संशोधनास गेले. चौथे वर्ष आले ते अमेरिकी नमुन्याबरोबर.

हा नमुना येथे कोणी आणला, याचा इतिहास मनोरंजक आहे. २०१३ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकार केंद्रात असताना दिल्ली विद्यापीठावर चार वर्षांची पदवी लादण्यात आली. जून २०१४ मध्ये भाजप सरकार येताच विद्यापीठ अनुदान आयोगाने ती रद्द करवली. त्याच भाजप सरकारने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीच कल्पना साऱ्या देशासाठी पुन्हा आणली. २०२१ मध्ये कर्नाटकच्या भाजप सरकारने ती सर्वांआधी राबवल्याची प्रौढी मिरवली आणि २०२४ मध्ये काँग्रेस सरकारने ती मोडीत काढली. शासनकर्त्या वर्गाचे दोन पक्ष एकाच वस्तूची आलटून पालटून स्थापना व विसर्जन करत असतील, तर त्यांचे भांडण त्या वस्तूवरून नाही, एवढे तरी उघड आहे.

अर्जाच्या बाजूने पाहा

समजा, बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्यातल्या एका मराठी भाषक शेतमजुराची मुलगी पी.यू.सी. उत्तीर्ण होऊन बंगळूरला अर्ज करू पाहते. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. अर्ज भरायचा तो एकात्मिक विद्यापीठ व महाविद्यालय व्यवस्थापन प्रणालीवर, म्हणजे सगळे ज्याला यू.यू.सी.एम.एस. म्हणतात त्या संगणकीय खिडकीवर. त्यासाठी नाडकचेरीतून काढलेला जातीचा व उत्पन्नाचा दाखला हवा, त्यावरचा आर.डी. क्रमांक हवा. मराठा समाजाची असेल तर ३-ब प्रवर्गाची नोंद, आणि बीदरची म्हणून अनुच्छेद ३७१ (जे) खालील प्रमाणपत्र. घरातला एकुलता एक मोबाइल बापाबरोबर शेतावर गेलेला असतो आणि सांकेतिक क्रमांक नेमका त्याच मोबाइलवर येतो. हे सर्व पार पडले तरी शिष्यवृत्तीचा अर्ज निराळ्या खिडकीवर आणि वसतिगृहाचा त्याहून निराळा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर विद्यापीठातला प्रवेश हा तिच्या दृष्टीने निव्वळ कागद ठरतो.

अशा मुलीला २०२१ मध्ये सांगण्यात आले की तुझ्यापुढे चार दारे आहेत: एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. याला धोरणाच्या भाषेत 'बहुविध प्रवेश व निर्गमन' म्हणतात. शिक्षण अर्धवट सुटणे याला पूर्वी गळती म्हणत आणि ती थांबवणे हे सरकारचे कर्तव्य मानले जाई. आता त्याच गळतीला प्रमाणपत्र देऊन निवडस्वातंत्र्य ठरवण्यात आले. कोणत्या दारातून कोण बाहेर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या दाराबाहेर पीण्या आणि बोम्मसंद्र येथील कारखान्यांची व मालगोदामांची कंत्राटी भरती उभी असते. चौथ्या वर्षाची खरी फी महाविद्यालयाच्या पावतीवर नसतेच. वर्षभराची बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल ही ती फी होय.

ही आर्थिक चाळणी पुरेशी वाटली नाही म्हणून की काय, विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात आणखी एक चाळणी बसवली. संशोधनासह ऑनर्स घ्यायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण हवेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेला आणि कन्नड वा मराठी माध्यमातून आलेली, या दोघांनी पहिल्याच सत्रापासून सारख्याच ७५ टक्क्यांकडे धावायचे! ज्या सत्रांत दुसरी अजून इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी झुंजत असते, तीच सत्रे तिच्या विरुद्ध मोजली जातात.

शिकवणार कोण?

मुख्य प्रश्न मात्र याहून साधा होता. चौथे वर्ष शिकवणार कोण? कर्नाटकात सुमारे ४३० सरकारी प्रथम दर्जा महाविद्यालये आहेत. त्यांचा गाडा २०२१ मध्येही ओढत होते ते दहा हजारांहून अधिक अतिथी अध्यापक. दरवर्षी नव्याने नेमले जाणारे, सुट्टीत बिनपगारी होणारे हे लोक अतिथी कसले? त्यांतले कित्येक दहा-पंधरा वर्षे तेच विषय शिकवीत आले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि जानेवारी २०२४ च्या आरंभी तुमकूरहून बंगळूरच्या फ्रीडम पार्कपर्यंत ते पायी चालत आले. हे पार्क म्हणजे जुन्या मध्यवर्ती कारागृहाची जागा. आणीबाणीतले राजबंदी येथेच डांबले होते. सरकारने मानधनात काही हजारांची वाढ दिली. सेवेत कायम करण्याची मागणी मात्र मान्य केली नाही.

मराठीत हा विरोधाभास आपोआप उघडा पडतो. विद्यार्थ्याला मान आणि अध्यापकाला मानधन! पदवीला ऑनर्सचे बिरुद लावायचे आणि ती शिकवणाऱ्याला वेतनश्रेणी नाकारायची. ज्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला ग्रंथपाल नाही, तेथे चौथ्या वर्षाचे संशोधन कोणत्या ग्रंथालयात होणार होते?

आणि चार वर्षे म्हणजे मुळातच पाप, असेही नव्हे. त्याच बंगळुरात, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. तेथे प्रयोगशाळा आहेत, कायम अध्यापक आहेत, वसतिगृह आहे आणि त्यामागे केंद्र सरकारचा पैसा आहे. तेथील चौथ्या वर्षात विद्यार्थी खरोखर संशोधन करतो. तेव्हा दोष वर्षांच्या संख्येत शोधू नये. मूठभरांसाठी जे सार्वजनिक पैशातून होऊ शकते, ते राज्य विद्यापीठात शिकणाऱ्या लाखोंसाठी का होत नाही, याचे उत्तर मागावे.

रद्द झाले, पुढे काय?

२०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार बंगळूर शहर जिल्ह्यात १,१०६ महाविद्यालये होती. देशातील कोणत्याही जिल्ह्यापेक्षा अधिक. याच शहरात खासगी आणि अभिमत विद्यापीठेही आहेत आणि मे २०२४ नंतरही त्यांनी चार वर्षांची ऑनर्स पदवी विकणे चालू ठेवले आहे. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणारा थेट पीएच.डी.साठी पात्र ठरतो. म्हणजे ऐपतवाल्याला चार वर्षांत संशोधनाचे दार उघडते, तर सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तीन अधिक दोन अशी पाच वर्षे काढावी लागतात, आणि तीही पदव्युत्तर वर्गात जागा मिळाली तर.

तेव्हा सरकारने चौथे वर्ष रद्द करताना त्याच आदेशात पदव्युत्तर जागा वाढवल्या काय? अतिथी अध्यापकांची पदे कायम केली काय? वसतिगृहे बांधली काय? उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने पैशाअभावी नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याची शिफारस केली. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात, १९६४ च्या बंगळूर विद्यापीठाच्या विभाजनातून निघालेल्या शहर विद्यापीठाला डॉ. मनमोहनसिंग यांचे नाव देण्याची घोषणा झाली. नाव द्यायला पैसा लागत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचा आकडा २०२० च्या धोरणातही आदराने उद्धृत केलेला आहे. तो गाठला मात्र कोणत्याच सरकारने नाही.

आपल्यातील काही सहकारी म्हणतील की हुशार गरिबांसाठी तरी एक खास ऑनर्स शाखा असू द्यावी. त्यांनी न्यूयॉर्कचे उदाहरण अभ्यासावे. तेथील सिटी विद्यापीठ हे कामगारांच्या, स्थलांतरितांच्या मुलांचे विद्यापीठ. १८४७ पासून तेथे शिक्षण मोफत होते. १९७० मध्ये कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन विद्यार्थ्यांच्या लढ्यानंतर शहरातील शालान्त उत्तीर्ण प्रत्येकाला प्रवेश खुला झाला आणि १९७६ मध्ये, शहराच्या दिवाळखोरीचे कारण पुढे करून, फी लावण्यात आली. पुढे २००१ मध्ये त्याच विद्यापीठात निवडक विद्यार्थ्यांसाठी ऑनर्स महाविद्यालय निघाले. त्यांना फी माफ! सर्वांचा हक्क काढून घ्यायचा आणि त्याचा एक तुकडा काहींना बक्षीस म्हणून परत द्यायचा, अशी ही रीत आहे. (त्या महाविद्यालयाला पुढे देणगीदार मॅकॉले यांचे नाव मिळाले. आपल्या १८३५ च्या मॅकॉलेशी त्यांचा संबंध नाही, तरी वाचक क्षणभर दचकेल खरा.)

म्हणून विद्यार्थी व अध्यापक आघाड्यांवरील सहकाऱ्यांनी आपली मागणी नेमकी केली पाहिजे. ऑनर्सच्या तोडीचा आशय तीन वर्षांच्या पदवीतच प्रत्येकाला मिळावा. पुढचे शिक्षण, मग ते एक वर्षाचे असो वा दोन, उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास ७५ टक्क्यांच्या चाळणीविना, विद्यावेतन आणि वसतिगृहासह, सार्वजनिक विद्यापीठातच उपलब्ध असावे. आणि ही तरतूद अर्थसंकल्पात दिसेपर्यंत 'चार वर्षे रद्द' या घोषणेवर समाधान मानू नये.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे परक्या राज्याचे वाटायला नको. तेथे चार वर्षांची रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीच्या चौथ्या वर्षाचे अर्ज २०२७-२८ साठी भरले जायचे. उदगीर, गडहिंग्लज, किनवट येथील कोणत्या महाविद्यालयात ते वर्ष खरोखर शिकवले जाणार, तेथे तासिका तत्त्वावरचे किती आणि कायम किती, आणि ज्यांच्या तालुक्यात ते वर्ष नाही त्यांच्या राहण्याची सोय कोठे, हे प्रश्न अधिसभेतील आपल्या प्रतिनिधींनी त्या तुकडीचे अर्ज सुटण्यापूर्वी लेखी विचारून उत्तरेही लेखीच घ्यावीत.