शेजारी बसणारं माणूस

मध्ययुगीन इतिहासात संशोधन करणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त गरज कशाची? बहुतेक जण म्हणतील, पैशाची. खरं आहे. जेआरएफ मिळालेल्यांना २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पण ती सगळ्यांच्या नशिबात नसते. तरी माझं मत विचाराल, तर पैशाइतकीच गरज असते शेजारी बसून जुना कागद वाचायला शिकवणाऱ्या माणसाची.

आमच्याच भागातलं बघा. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिथलं चौल म्हणजे मध्ययुगातलं मोठं बंदर. १५७०-७१ मध्ये निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता. यावर अभ्यास करायचा तर फारसी हवी, पोर्तुगीज हवी, मोडी हवी. कागद काही पुण्यात, काही पणजीत, काही थेट लिस्बनला!

माझी एक जुनी विद्यार्थिनी याच विषयात पीएच.डी. करते आहे. गाईडकडे विद्यार्थी बरेच, त्यामुळे भेट दोन-तीन महिन्यांनी, तीही सहीपुरती. परवा पेणला घरी आली आणि म्हणाली, "सर, पुण्यात महिनाभर राहायची सोय होईल का? मोडी नीट शिकायचीय." घरचे म्हणतात, बी.एड. कर आणि मोकळी हो. सोय झाली नाही तर ती तेच करेल, अशी मला भीती वाटते.

काही जण म्हणतील, संशोधन स्वतःच्या हिमतीवर करावं, एवढे लाड कशाला? अहो, मोडीत शब्द सुटे नसतात, हात न उचलता ओळ लिहिलेली असते. पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतं का?

ही विद्या माणसाकडून माणसाकडेच जात आली आहे. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आपल्या जिल्ह्यातल्या बिरवाडीचे दत्तो वामन पोतदार तिथे वर्षानुवर्षं राबले. डॉ. शं. गो. तुळपुळे १९९४ मध्ये गेले, तेव्हा त्यांचा जुन्या मराठीचा कोश अपुरा होता. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो पुरा केला आणि १९९९ मध्ये तो छापून निघाला. एका माणसाने दुसऱ्याला जवळ बसवलं, म्हणून हे झालं.

तेव्हा मंडळी, पुण्यातल्या नातेवाइकांनो, एखादी खोली महिनाभर देता येईल? मोडी येणाऱ्यांनो, रविवारचा एक तास? प्रकरणांची भाषा आणि शुद्धलेखन तपासायचं मी तिला कबूल केलंय. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण लाल पेन अजून चालतं!

कळवा. वाट बघतो.