पोटाची शिल्लक

तक्क्याला टेकून बसलेल्या शेठजींचे पोट पाहून पेढीची पत ठरविण्याचा काळ आपल्या बाजारपेठेने पाहिला आहे. सुटलेले पोट म्हणजे बरकत, ही समजूत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. आमच्या मते हा हिशेब मुळातच चुकला आहे. पोटावरचा मेद ही जमा नसून कर्ज होय, आणि उतारवयात त्याचे व्याज मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्या रूपाने भरावे लागते. कातडीखालच्या मेदापेक्षा यकृत व आतडी यांच्याभोवती साठणारा मेद अधिक घातक असतो.

हे कर्ज मोजण्यास वजनकाटा पुरेसा नाही. वयोमानाने स्नायू झडतात व मेद वाढतो. वजन तेच, माल मात्र बदललेला! यासाठी उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर फीत लावावी. आपल्याकडील पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

उताणे पडून धड उचलल्याने पोट आत जाते, हा भ्रम आम्हीही बाळगला होता. आमची कंबर धरली, घेर मात्र तसाच राहिला! ज्या भागास ताण द्यावा तेथलाच मेद झडतो असे नाही. शरीर आपली शिल्लक सर्व ठिकाणांहून खर्च करते. म्हणून झपाझप चालणे हाच राजमार्ग होय. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास किमान १५० मिनिटे अशा मध्यम श्रमाची शिफारस केली असून, ज्येष्ठांनी तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायामही करावेत असे सांगितले आहे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे, भिंतीस हात लावून टाचा उचलाव्यात, दोन किलो धान्याची पिशवी श्वास न कोंडता वरखाली करावी. एवढ्याने आरंभ होतो. हृदयविकार वा गुडघेदुखी असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणी म्हणेल, आपण पर्युषणात उपवास करतो, तेवढे पुरे. परंतु तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, पोट उतरविणे नव्हे. शिवाय केवळ उपवासाने मेदाबरोबर स्नायूही झडतात, आणि पारण्यानंतरच्या पक्वान्नांनी मेद तेवढा परत येतो.

वेळ नाही, ही सबब आम्हांस पटत नाही. सामायिकास आपण ४८ मिनिटे देतो. तसाच आणखी एक मुहूर्त आठवड्यातून चार दिवस देहास दिला, तर १९२ मिनिटे भरतात. रात्रिभोजनत्यागामुळे सायंकाळही मोकळी मिळते; ती लोडाशी टेकून का घालवावी? बेळगावकरांनी किल्ल्यातील कमल बस्तीचे दर्शन वाहनाऐवजी पायी घ्यावे.

आमची संघास विनंती आहे की, मार्केट यार्डात रोज सकाळी ज्येष्ठांसाठी चालण्याचा वर्ग सुरू करावा, आणि त्यात आपल्या गृहिणींनाही मानाने बोलवावे. ज्या घरात वडीलधारी माणसे चालती आहेत, त्या घराची पत काही वेगळीच असते.