बॅटरीलाही ऊन लागतं

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही सिग्नलला थांबलेल्या डिलिव्हरीच्या मुलांच्या गाड्यांकडे बघा. हँडलला होल्डर, होल्डरमध्ये फोन, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला, नकाशा चालू, नेट चालू आणि खाली लोंबणारी वायर पिशवीतल्या पॉवर बँकेला जोडलेली. हवेचं तापमान ४५ अंश. वरून थेट ऊन, खालून डांबराची धग. प्रयोगशाळेत बॅटरीचं वय मुद्दाम झपाट्याने वाढवून तिची परीक्षा घेतात, तेव्हा मुख्यतः दोन गोष्टी करतात. तिला तापवतात आणि भरलेली ठेवतात. ही मुलं रोज आठ-दहा तास तेच करत असतात, आणि तसं केल्याशिवाय त्यांचं काम चालत नाही.

आमच्या गल्लीत येणाऱ्या एका मुलाला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "काका, घरून निघताना शंभर असते, तीन वाजेपर्यंत वीसवर येते. पॉवर बँक नाही लावली तर फोन बंद. फोन बंद तर ऑर्डर बंद." फोन घेऊन त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

फोनच्या बॅटरीवर आपल्याकडे बोलणं होतं ते चार्जिंगच्या वेळांबद्दल. रात्रभर लावून ठेवावा का, पूर्ण उतरू द्यावा का, दुसऱ्याचा चार्जर चालतो का. उन्हाचा विषय क्वचितच निघतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर तो सगळ्यात आधी निघायला हवा. ॲपलचा सल्ला असा आहे की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, ३५ च्या पुढे बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये, अशी उत्पादकांची सर्वसाधारण मर्यादा असते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकलं की पहिली मर्यादा ओलांडलेलीच असते, आणि चंद्रपूर-अकोल्यात तर नुसती हवाच दुसऱ्या मर्यादेला टेकते. फोन स्वतः तापतो तो वेगळाच.

आत काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टचं ऑक्साइड, आणि मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आवश्यक असतो, कारण तो नसेल तर द्रवाचं विघटन थांबणारच नाही. पण हा थर वाढत राहतो. बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर क्षार चढत जावेत तसा तो चढत जातो, आणि चढताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. जितकं लिथियम अडकलं, तितकी बॅटरीची क्षमता कमी झाली. उष्णतेने ही क्रिया भराभर होते. बॅटरी पूर्ण भरलेली असली की व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून जास्त असतं. त्या ताणाखाली ऑक्साइडच्या बाजूलाही द्रवाची झीज सुरू होते.

उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचे आकडे कॅनडातल्या केडेक्स कंपनीचे संस्थापक इसिडोर बुकमन यांनी लोकांना समजतील अशा रीतीने मांडले आहेत. बॅटरी वापरायची नाही, नुसती वर्षभर ठेवून द्यायची. २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवली तर वर्षाअखेरीस तिची क्षमता सुमारे ९६ टक्के उरते. त्याच तापमानात पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश केलं तर ४० टक्के भरलेलीची क्षमता ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेलीची ६५ टक्क्यांवर. वर्षभरात एकदाही हात न लावता एक तृतीयांशाहून अधिक बॅटरी गेली. प्रत्येक फोनला हेच आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, बॅटऱ्यांची घडण सारखी नसते. पण दिशा हीच असते. मला तर हे आकडे वाचल्यापासून उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन दिसला की राहवत नाही. बंद गाडीत डॅशबोर्ड ६० अंशांच्याही पुढे जातो.

पूर्ण उतरवून मग पूर्ण भरायची सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे. अर्धवट उतरवून पुन्हा भरत राहिलं तर त्या बॅटऱ्यांची क्षमता कमी झाल्यासारखी वाटे. नवा फोन आणला की दुकानदार आठ तास लावून ठेवायला सांगत, तेही तेव्हाचंच. लिथियमला ते लागू नाही. तिला मधलं सोसतं. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवता आली तर उत्तम, आणि दिवसातून दोनदा अर्धी अर्धी भरली तर ते मिळून एकच चक्र धरलं जातं. रात्रभर फोन लावून ठेवल्याने बॅटरीत जास्तीची वीज शिरत नाही, फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. धोका आहे तो उशीखाली किंवा गादीवर ठेवून लावण्यात, कारण तिथे उष्णता बाहेर पडायला जागा नसते.

बॅटरी उताराला लागली की तिचा आतला रोधही वाढतो. कॅमेरा उघडला, फोन आला, एकदम जास्त वीज लागली की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि वीस टक्के दाखवत असलेला फोन बंद पडतो. रस्त्यात पत्ता शोधत असताना किंवा दवाखान्यात नातेवाइकाला फोन लावताना हे ज्याच्या वाट्याला आलं आहे, त्याला ही गोष्ट किती जिवाला लागते ते ठाऊक आहे. असे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपलने जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला होता, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तसं मान्य केलं. ग्राहकांना ते आधी स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. फोन संथ झाला म्हणून कित्येकांनी नवा घेतला असेल, जेव्हा नुसती बॅटरी बदलून काम भागलं असतं. पुढे कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसू लागली ती या प्रकरणानंतर, २०१८ मध्ये.

माझा खरा राग आहे तो बॅटरी आत कोंडण्यावर. बॅटरी झिजणारच, ते रसायनशास्त्र आहे. पण झिजणारी वस्तू गोंद लावून बंद करणं हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे.

ऑगस्ट २००७ आठवतो का? नोकियाने जाहीर केलं होतं की बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना तापू शकतात, त्या बदलून मिळतील. भारतात त्या वेळी घरोघरी नोकिया होता. लोक फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा क्रमांक तपासू लागले. काळजी होती, अफवाही होत्या, पण दुरुस्ती सोपी होती. अंगठ्याने झाकण सरकवायचं, नखाने बॅटरी उचलायची, दुसरी बसवायची. फोन तोच राहायचा, त्यातले नंबरही तेच. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. या वेळी बॅटरी आत बंद होती. म्हणून सुमारे २५ लाख अख्खे फोन परत मागवावे लागले, बदलून दिलेलेही पेटले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं. दोष दोन्ही वेळा बॅटरीतच होता.

पाणी शिरू नये म्हणून फोन बंद करावा लागतो, असं उत्तर मिळतं. ते मला पटत नाही. त्याच सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस५ पाण्यापासून सुरक्षित होता आणि त्याची पाठ बोटांनी उघडून बॅटरी काढता येत होती. अडचणी असतील, जाडी थोडी वाढत असेल, पण अशक्य काही नव्हतं.

आज बॅटरी बदलायची तर पाठ गरम करून गोंद सैल करावा लागतो, स्क्रीनला किंवा केबलला इजा होण्याची भीती असते, आणि दुकानात मिळणारी बॅटरी कुठल्या प्रतीची आहे याची खात्री नसते. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा बॅटरीवर तो क्रमांक आणि नोंदणीची खूण आहे का एवढं तरी बघावं. फोन फुगला असेल, स्क्रीन किंवा पाठ उचलली गेली असेल तर तो चार्जिंगला लावू नये, दाबून बसवायचा प्रयत्न करू नये, टोचून हवा तर अजिबात काढू नये.

डिलिव्हरीच्या मुलांबरोबर मला अंगणवाडी सेविकाही आठवतात. महाराष्ट्रात त्यांना कामासाठी सरकारी फोन मिळाले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ते मोठ्या संख्येने परत केले. फोन तापतात, अडकतात, त्यांत ॲप नीट चालत नाही आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सगळा दोष बॅटरीचा नव्हता. पण फोन हे कामाचं अवजार झालं की त्याच्या झिजेचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न त्या बायांनी रस्त्यावर येऊन विचारला होता. हातात छिन्नी-हातोडा देणाऱ्याला तो विचारला जातो, मग ॲपवर माणसं राबवणाऱ्या कंपन्यांना का विचारू नये? मुलाच्या मालकीचा फोन, त्याचीच पॉवर बँक, त्याच्याच खिशातून दोन वर्षांनी नवा फोन. उन्हात राबणाऱ्यांच्या फोनची बॅटरी वर्षा-दीड वर्षाने बदलून देणं या कंपन्यांना जड नाही.

तोवर जे हाताशी आहे ते करावं. बऱ्याच नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, घरी किंवा ऑफिसात बसून काम करणाऱ्यांनी ती चालू ठेवावी. बाहेर फिरणाऱ्याला वीस टक्के सोडणं परवडत नाही, त्याने निदान सावलीत थांबल्यावरच पॉवर बँक जोडावी. रस्ता ओळखीचा असेल तर स्क्रीन बंद ठेवून नकाशाचा नुसता आवाज ऐकावा. होल्डरवर छोटी छत्रीसारखी टोपी बसवलेली मी पाहिली आहे, ती खरोखर कामाची आहे. तापलेला फोन कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा घाटातल्या एसटीत सिग्नल क्षीण असतो, तिथे टॉवर शोधताना फोन जास्त वीज खातो. काम नसेल तेव्हा फ्लाइट मोड लावावा. घरात जुना फोन जपून ठेवायचा असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवावा.

युरोपीय संघाने मात्र हा विषय ग्राहकाच्या शहाणपणावर सोडलेला नाही. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असली पाहिजे. आयफोन १४ पर्यंत ॲपल ५०० चक्रांना ८० टक्के म्हणत असे, १५ पासून १००० म्हणते. आदर्श परिस्थितीतला आकडा आहे हा, पण बॅटरी जास्त टिकवता येते हे त्यातून सिद्ध होतं.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, यावर गुण द्यायचे आणि ते ग्राहकाला विकत घेण्याआधी दिसतील असं करायचं, अशी ती कल्पना आहे. प्राधान्याने तपासायच्या भागांत बॅटरी आहे. हे गुण खोक्यावर ठळक छापणं सक्तीचं व्हावं, आणि भारतासाठी चक्रांची चाचणी २५ अंशांच्या खोलीत न घेता ४० अंशांत घ्यावी. कारण इथे विकलेला फोन चालणार आहे तो इथल्याच उन्हाळ्यात.