वही कोठे ठेवली आहे?

व्यापाऱ्याच्या गादीशेजारी लाल बासनात बांधलेली वही असे, तेव्हा ती कोठे आहे हा प्रश्न उद्भवतच नसे. रोजमेळ हाताशी, खतावणी कपाटात, जुन्या वर्षांच्या वह्या माळ्यावर. हा पत्ता घरातील सुनांनाही ठाऊक असे. आज सांगलीच्या गणपती पेठेत विचारा किंवा साताऱ्याच्या भवानी पेठेत, वही संगणकात आहे एवढेच उत्तर मिळते. संगणकात कोठे, असे पुढे विचारले तर मालक मुलाकडे पाहतो, मुलगा हिशेबनिसाकडे पाहतो, आणि हिशेबनीस पडद्यावरील चित्राकडे बोट दाखवतो.

ते चित्र म्हणजे नुसते दार होय. त्यामागे दोन निराळ्या वस्तू असतात आणि बहुधा त्या दोन निराळ्या जागी असतात. एक प्रणाली, जी पुन्हा विकत मिळते. दुसरा दुकानाचा विदा, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, ज्या कोठेही विकत मिळत नाहीत. दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ ‘टॅली डी ड्राइव्हमध्ये आहे, सी पुसून टाकतो’ असे सहज म्हणून जातो. प्रणाली खरोखर डी ड्राइव्हमध्ये असते. नोंदी मात्र सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मधील ‘पब्लिक’ या फोल्डरमध्ये असू शकतात. अर्ध्या तासात संगणक नव्यासारखा होतो आणि पाच वर्षांची उधारी नाहीशी होते.

आपल्याकडील बहुसंख्य पेढ्यांवर टॅलीच असल्यामुळे तिचा पत्ता आधी पाहू. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली बंगळूर येथे या कंपनीचा पाया घातला. घरच्या व्यवसायाचा हिशेब ठेवण्याची अडचण हेच तिचे मूळ होते. टॅलीत पेढीचे नाव आपण देतो, पण नोंदींचे फोल्डर त्या नावाने नसते. त्यास १०००० यांसारखा क्रमांक असतो. म्हणून दुकानाच्या नावाने शोध घेतला तर हाती काहीच लागत नाही. पेढी निवडण्याच्या पडद्यावर विद्याचा मार्ग लिहिलेला असतो, तो अक्षरशः उतरवून घ्यावा. प्रणालीची जागा हवी असल्यास चित्रावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. त्याच फोल्डरात ‘टॅली डॉट आयएनआय’ नावाची लहानशी फाइल असते आणि तिच्यातील ‘डेटा’ या शब्दाने सुरू होणारी ओळ नोंदींचा नेहमीचा पत्ता सांगते. मार्गाच्या आरंभी दोन उलट्या तिरक्या रेघा आणि एखाद्या संगणकाचे नाव दिसले, तर वही या यंत्रात नसून त्या दुसऱ्या यंत्रात आहे असे समजावे. गल्ल्यावरील संगणक जपून ठेवायचा आणि खरी वही मात्र आतल्या खोलीत जमिनीलगत, असा प्रकार अनेक दुकानांत आढळतो.

स्थानिक विकसकांकडून करून घेतलेल्या बिलिंग प्रणालींचे प्रकरण थोडे अवघड असते. त्यांच्या पोटात बहुधा एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल यांपैकी एखादे कोठार असते आणि ते पडद्यावर कोठेच दिसत नाही. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत त्याचे नाव शोधून ‘प्रॉपर्टीज’ उघडले, की ‘पाथ टू एक्झिक्युटेबल’ या ओळीत कोठाराची प्रणाली कोठे बसवली आहे ते कळते. नोंदी त्याच ठिकाणी असतील असे मात्र नव्हे. मायएसक्यूएलच्या नोंदी सामान्यतः ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरात असतात आणि विंडोज हे फोल्डर लपवून ठेवते. लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय निवडल्याखेरीज ते दृष्टीस पडत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या नोंदी ‘एमडीएफ’ या शेपटीच्या फाइलमध्ये आणि व्यवहारांची नोंद ‘एलडीएफ’मध्ये असते. कोठार चालू असताना या फाइली उचलून पेन ड्राइव्हवर टाकू पाहिले तर नक्कल निघतच नाही. मायएसक्यूएलची निघाली तरी ती अर्धवट असण्याचा संभव मोठा. नक्कल त्या प्रणालीच्या स्वतःच्या ‘बॅकअप’ आज्ञेनेच घ्यावी, आणि ती कोठे जाऊन पडते हे विकसकाकडून लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सांगलीकरांस हा विषय कोरडा वाटण्याचे कारण नाही. हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जाई, तेव्हा आपला माल कोणत्या पेवात आहे हे व्यापाऱ्यास नेमके ठाऊक असे. २००५ च्या पुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा ५० फुटांवर चढली. माल भिजला तर त्याचा विमा असतो. पण विम्याचा सर्वेक्षक येतो तो आधी साठ्याचे पुस्तक आणि खरेदीची बिले मागतो. बँकेस दरमहा दिलेले साठापत्रक अशा वेळी काहीसे उपयोगी पडते. खरेदी-विक्रीचे आकडे जीएसटीच्या पोर्टलवर बऱ्याच अंशी सापडतात. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाने किती दिले आणि किती राहिले, हे त्या पोर्टलला ठाऊक नसते. उधारीची यादी एकट्या आपल्याच वहीत असते, आणि ती बुडाली की उधारी हा गिऱ्हाइकाच्या सद्सद्विवेकाचा विषय होतो.

कायद्याचीही अपेक्षा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने जपावे लागतात. नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की, अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता याव्यात, अशा रीतीने त्यांची नक्कल ठेवली पाहिजे. अधिकाऱ्याने मागितल्यास फाइलींचा तपशील आणि त्यांचे पासवर्डही द्यावे लागतात. ‘हिशेबनीस गावी गेला आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही.

नक्कल त्याच टेबलाच्या खणात ठेवण्याची पद्धत मात्र सर्वत्र दिसते, आणि ती निरुपयोगी आहे. पाणी खणातही शिरते, चोरही खण उघडतो. ज्यांचे भाऊबंद साताऱ्यास आहेत त्यांनी आठवड्याची एक नक्कल तिकडे ठेवावी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत कृष्णेचा पूर शिरत नाही, आणि दोन्ही गावांत येणे-जाणे नित्याचेच असते. सहा महिन्यांतून एकदा ती नक्कल तिथल्या संगणकावर नव्या, रिकाम्या फोल्डरात उघडून पाहावी. चालू नोंदींच्या फोल्डरवर ती उघडली, तर जुन्या नोंदी नव्यांवर बसतात आणि मधले महिने पुसले जातात. नक्कल उघडल्यावर शेवटच्या बिलाचा क्रमांक व दिनांक पडताळावा. तो चार महिने मागचा निघाला, तर रोजच्या नोंदी भलत्याच फोल्डरात जात आहेत किंवा नक्कल जुन्याच फोल्डराची घेतली जात आहे. पेन ड्राइव्हवरून एकदा उघडलेली पेढी तशीच चालू राहिल्याने असे घडते.

दिवाळीस वहीपूजनासाठी एक कोरी वही आजही आणली जातेच. तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभाच्या खाली नोंदींचा पूर्ण मार्ग, मुख्य संगणकाचे नाव, नक्कल कोणाकडे आहे ते आणि विकसकाचा दूरध्वनी लिहावा. पासवर्ड त्या पानावर नको. तो बंद पाकिटात तिजोरीत असावा, आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातील किमान दोघांस ठाऊक असावे.