चिकित्सालयातील कचरा आणि चतुष्पादातील परिचारक



आपल्या चिकित्सालयातून दररोज रुग्ण बाहेर पडतात, तसा सायंकाळी कचराही बाहेर पडतो. रुग्णाची आपण नोंद ठेवतो. कचऱ्याची ठेवीत नाही. या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एखाद्या परिसंवादामुळे नव्हे, तर माझ्याच हातून घडलेल्या प्रमादामुळे.

सहा वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने चिकित्सालयात पुनर्चक्रीकरणाची योजना आरंभिली. निरनिराळ्या कचऱ्यासाठी रंगीत डबे आणले, सूचनाफलक लावला आणि कर्तव्य पार पडले असे मानले. दोनच महिन्यांत विद्धकर्मात वापरलेली एक सुई रद्दी कागदांतून बाहेर गेली आणि ते कागद निवडणाऱ्या कचरावेचक ताईंच्या बोटात रुतली. तातडीने उपचार झाले. पुढे सर्व तपासण्याही निर्दोष आल्या. पण ते अहवाल हाती येईपर्यंतचे महिने त्यांनी कोणत्या भीतीत काढले, हे मी विसरू शकत नाही.

चौकशीअंती कळले की सुयांचे पात्र आतल्या खोलीत होते आणि विद्धकर्म बाहेरच्या कक्षात चालत असे. फलक इंग्रजीत होता; सायंकाळी आवराआवर करणाऱ्या मावशींना तो वाचता येत नव्हता. योजना आखताना त्यांना कोणी विचारलेही नव्हते. दोष त्यांचा नव्हता. वापरलेली सुई जागच्या जागी टाकणे हे माझे काम होते.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, द्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आणि त्याच्या गुणांत शौचाची गणना केली. कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपण हा पाद सोयीस्कररीत्या विसरतो. माझे स्पष्ट मत असे, की अशी योजना डब्यांवर उभी राहत नाही, ती परिचारकावर उभी राहते. आणि तिचे यश भंगारात किती माल गेला यावरून मोजू नये. तो माल हाताळणाऱ्याला किती निर्धोक आहे यावरून मोजावे.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आयुष रुग्णालये व चिकित्सालये यांनाही लागू आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या गावी नसते. रक्तमोक्षणातील रक्ताने माखलेला कापूस आणि मुदतबाह्य औषधे पिवळ्यात. बस्तीसाठी वापरलेल्या रबरी नळ्या व हातमोजे लाल पिशवीत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या पात्रात. दूषित काच निळ्यात. हे वर्गीकरण पक्के झाल्यावरच उरलेल्या कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची भाषा करावी.

त्या प्रसंगानंतर आम्ही चार बदल केले. सुयांचे पात्र रुग्णशय्येच्या हाताशी आले. फलकावर शब्दांऐवजी चित्रे आली, तीही मावशींनी निवडलेली. दर शनिवारी दहा मिनिटे सर्वजण बसून आठवड्यात कोणती वस्तू चुकीच्या डब्यात गेली याची नोंद करतो. कोणी टाकली, हे विचारीत नाही. रद्दी व पुठ्ठ्याचे पैसे मावशींकडेच राहतात. चुका पूर्णतः थांबल्या असे म्हणणार नाही. परंतु आता त्या आमच्याच दारात सापडतात.

औषधी निर्माते व विक्रेते यांनाही काही सांगावेसे वाटते. क्वाथाचा चोथा उत्तम खत होतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकणे हा अपव्यय आहे. वत्सनाभ, कुचला आदी विषद्रव्यांच्या शोधनातील अवशेष मात्र त्यात मिसळू नयेत. आसवारिष्टांच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देण्यापूर्वी त्यांवरील लेबल काढून फाडावे. अन्यथा आपल्याच नावाने बनावट औषध बाजारात येण्याची वाट आपण मोकळी करतो. प्लॅस्टिक आणि धातूचा पापुद्रा एकत्र चिकटवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांना भंगारात सहसा गिऱ्हाईक नसते. त्यामुळे वेष्टन निवडतानाच त्याच्या शेवटाचा विचार व्हावा. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे आपणच तर रुग्णांना सांगतो.

‘लहान चिकित्सालयाला हे परवडेल काय?’ असा प्रश्न येईल. वरील चार बदलांत पैसा फारसा लागला नाही. लागले ते लक्ष. ज्यांच्या हातांतून आपला कचरा जातो, तेही कष्टकरीच आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती याच हातांना श्रमिक म्हणून मान मिळावा म्हणून. जनपदोध्वंसाच्या विवेचनात वायू, जल, देश आणि काल यांच्या दूषणाचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी त्या हातांचा विचार सर्वांआधी करावयास हवा.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने आगामी बैठकीत अर्धा तास या विषयास द्यावा आणि त्या बैठकीस आपापल्या चिकित्सालयातील मावशींना व मदतनिसांना सन्मानाने बोलवावे, ही नम्र विनंती. प्रथम त्यांना बोलू द्यावे; वैद्यांनी नंतर बोलावे.