पिल्लाला लळा कसा लागतो?

मुलांनो, मांजराचे पिल्लू पाळावे असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. पण पिल्लू घरी आल्यावर पहिल्याच दिवशी जे चालते, ते मला मुळीच पटत नाही. भाऊ त्याला उचलतो, बहीण त्याच्या हातातून ओढून घेते, शेजारची मुले बघायला जमतात. पिल्लू घाबरून कपाटामागे जाऊन बसते. मग घरातले म्हणतात, "हे काही माणसाळणार नाही!"

माझे मत असे, की पिल्लू पकडून आपलेसे होत नाही. त्याला आपल्याकडे येऊ द्यावे लागते.

आधी त्याचे वय पाहा. जन्मतः त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण ७ ते १० दिवसांनी उघडतात. ४ आठवड्यांच्या सुमारास ते थोडे थोडे खाऊ लागते. भावंडांशी खेळताना जोरात चावले, की खेळ थांबतो; किती चावावे हे पिल्लू तिथेच शिकते. म्हणून ८ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. जिन्याखाली पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते अनाथच आहे, असे समजू नका. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे लोक म्हणतात. सात की तीन, ते सोडा. पण धोका वाटला, की ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते. तुम्ही उचललेले पिल्लू न्यायला ती परत आली, तर?

आता घरी आलेले पिल्लू. त्याला शांत कोपऱ्यात एक खोके द्या. त्यात जुने कापड घाला. जवळ पाण्याची वाटी आणि थोडे दूर घमेल्यात वाळू ठेवा. गाईचे दूध देऊ नका. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी, हाडे काढून, थोडी थोडी द्या.

मग जवळ जमिनीवर बसा. त्याच्याकडे टक लावून पाहू नका. डोळे हळूहळू मिटा आणि उघडा. हे ऐकून हसू येईल, पण इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासले. माणसाने असे केले, की मांजरेही बहुधा डोळे बारीक करतात आणि त्या माणसाजवळ अधिक येतात, असे त्यांना आढळले.

खेळताना बोटे पुढे करू नका, कापडाची चिंधी हलवा. तरी चावले किंवा ओरबाडले, तर घरी लपवू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

गळ्यात दोरी मात्र बांधू नका. मांजराच्या गळ्यातली घंटा गोष्टीतच बरी! मांजर कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायला न देणाऱ्या आणि मोकळेही न सोडणाऱ्या स्त्रीची हदीस तुम्ही ऐकलीच असेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे तर नावच त्यांच्याजवळच्या मांजराच्या पिल्लावरून पडले.

चार दिवस लागतील, कधी पंधरा. एके दिवशी पिल्लू स्वतःहून येऊन तुमच्या पायाला अंग घासेल. तेव्हाही त्याला लगेच उचलू नका. बोट त्याच्या नाकाजवळ धरा, त्याला हुंगू द्या.